ठिणगीचे कोरडे डोळे

मावशीला खुर्चीत बसलेलं फार थोड्यांनी पाहिलंय. चहासुद्धा ती तबेल्यात फेऱ्या मारत पिते आणि त्यातला बराचसा वाटेवर सांडते. घोडेस्वारी शिकवायचा धंदा तिने का निवडला, यावर तिच्या नवऱ्याचं, म्हणजे काकांचं, ठाम मत आहे. "हिला बसून करायचं एवढं एकच काम जमतं. तेही खाली कुणीतरी पळत असेल तरच."

तबेल्यातली तिची लाडकी घोडी ठिणगी. नावावर जाऊ नका. पहिल्यांदा स्वारी शिकणारं भित्रं पोर आलं की ते ठिणगीच्याच पाठीवर चढवायचं. इतकी ती समजूतदार. फक्त गाडीत चढवायची म्हटलं की तिच्या अंगात यायचं. म्हणून प्रवासाआधी मावशी तिच्या जिभेखाली गुंगीची पेस्ट सोडायची. ती दवाखान्यातूनच मिळालेली. पण देण्याआधी फोन करून विचारायचं, असं बजावलेलं होतं. विचारायचं म्हणजे उत्तराची वाट बघणं आलं. ते कुणी करायचं?

परवा ठिणगी सारखी डोळे मिचकावू लागली, कडेला चिपडं धरू लागली. मावशीच्या जिवाला चैन पडेना. दिली पेस्ट, घातली गाडीत, आणि नेऊन उभी केली जनावरांच्या दवाखान्यात. तिथली डॉक्टर म्हणजे मावशीची भाचीच.

"किती शहाण्यासारखी उभी आहे गं आज!" भाची म्हणाली.

"शिकवण आहे माझी," मावशीने ठोकून दिलं.

भाचीने ठिणगीच्या खालच्या पापणीत कागदाची बारीक पट्टी अडकवली. मिनिटभरात अश्रूंनी ती किती भिजते, ते बघायचं. पट्टीचं टोक जेमतेम ओलं झालं. दुसऱ्या डोळ्याचीही तीच कथा.

भाचीचा चेहरा उतरला. "मावशी, डोळे अगदी कोरडे पडलेत. असंच राहिलं तर बुबुळाला जखमा होतील. कायम मलम लावावं लागेल, आणि तुझ्या मैदानातली वाळू तर पार बंद. कुरण असलेल्या कुणाकडे तरी देऊन टाकावी लागेल हिला."

मावशी भिंतीपासून दारापर्यंत गेली, दारापासून भिंतीकडे आली. भाचीने तिच्याकडे पाहिलं, मग घोडीकडे. घोडीची मान खाली, ओठ लोंबलेला.

"मावशी, पेस्ट दिलीस?"

"थोडीशी."

"थोडीशी म्हणजे?"

"अर्धी नळी... अर्धीच्या जरा पुढे."

"अगं बाई! गुंगीत घोड्याचे अश्रूही कमी होतात. मी घोडी तपासली की तुझी पेस्ट, काय कळायचं?" भाचीने आधी ठिणगीच्या डोळ्यांत ओलावा टिकवणारं जेल घातलं. "उद्या मीच तबेल्यात येते. औषध द्यायचं नाही. तू फक्त तिला धरून उभं राहायचं. स्तब्ध."

"स्तब्ध? मी?" विचारताना मावशीची दारापर्यंत आणखी एक फेरी झाली.

दुसऱ्या दिवशी ठिणगी पूर्ण शुद्धीवर होती, म्हणजे फुरफुरत होती. पट्टी डोळ्याशी आली, मावशीचा पाय हलला, घोडीने मान झटकली आणि पट्टी पेंढ्यात पडली.

"तू नाचतेस म्हणून ती नाचते," भाची वैतागली.

"मी धरू का?" दारातल्या खुर्चीतून काकांनी विचारलं.

"तुम्ही तिला धराल की ती तुम्हाला?" मावशीने फटकारलं.

मावशीने टाचा जमिनीत रोवल्या. ठिणगीच्या गळ्याला गाल लावला, डोळे मिटले. नाकाला खाज सुटली, ती गिळली. पाठीवरून काहीतरी चालत गेलं, तेही सोसलं. ते मिनिट काही केल्या संपेना. कुरणवाल्या कुणा अनोळखी माणसाचा चेहरा डोळ्यांपुढे नाचत होता. मावशी मात्र हलली नाही.

"बघ," भाची म्हणाली. पट्टी निम्म्याहून पुढे भिजली होती. दुसऱ्या डोळ्याची जरा कमी, पण काळजी करण्यासारखी नाही. "धुळीने डोळे आलेत, बाकी काही नाही. थेंब देते. घोडी कुठे जात नाही. पण आठवडाभर तिला मैदानात..."

समोर कुणी नव्हतं. मावशी खोगीर उचलून अंगणात पोहोचली होती.

"आठवडाभर स्वारी बंद!" भाची ओरडली.

"ऐकलं गं!" बाहेरून आवाज आला. "नुसतं पुसतेय मी!"