कडुनिंबाचा पाला आणि बारीक चांदी

रोह्याच्या आमच्या कंपनीत लॅबचा अहवाल वर्षाला एक निघायचा, किस्से मात्र आठवड्याला दोन! गोष्ट नव्वदच्या दशकातली. मी पेणहून शिफ्टला जायचो. आमचे डॉक्टरसाहेब, म्हणजे पीएच.डी.वाले, झाडपाल्याच्या काढ्यात चांदीचा क्षार टाकून चांदीचे अतिसूक्ष्म कण बनवायच्या नादी लागले होते. हल्ली त्याला 'नॅनो' म्हणतात. आम्ही 'बारीक चांदी' म्हणायचो.

कडुनिंबाचा पाला धुवायला जवळच्या निडी गावच्या गुलाबताई होत्या. साहेबांनी त्यांना समजावलं, "कण इतके बारीक, की डोळ्यांना दिसतच नाहीत."

"मंग झाले ते कलतं कसं?"

"काढा तपकिरी होतो."

"आमचा चहापन व्हतो. मना कोन डॉक्टर म्हनत नाय!"

मग पाला कमी पडू लागला. परचेसवाल्यांनी तीन कोटेशन मागितली. कडुनिंब त्यांच्याच खिडकीसमोर उभा! महिन्याभराने ऑर्डर निघाली. सप्लायर शिडी घेऊन आला, आमच्याच झाडाचा पाला तोडला आणि डिलिव्हरी चलानावर सही घेऊन आम्हालाच देऊन गेला!

त्या क्षाराने बोटं काळी पडायची, आठवडा आठवडा जायची नाहीत. निवडणुकीला पेणच्या बूथवर गेलो, तर अधिकारी म्हणाला, "तुमचं मतदान झालंय."

"अहो, हे लॅबमधलं आहे. सगळीच बोटं बघा!" मी दोन्ही हात पुढे केले.

तो दचकलाच. "दहा वेळा?"

शेवटी मुंबईचे डायरेक्टर बघायला यायचे ठरले. त्यांना पटलं नाही तर काम बंद! साहेबांचा दावा असा, की बारीक चांदी लावलेलं कापड घामाचा वास धरत नाही. बॉयलरवरच्या युसुफभाईंना आठवडाभर उजव्या पायात चांदीचा मोजा घालायला दिला, डाव्यात साधा.

डायरेक्टर नाकाशी रुमाल धरून वाकले. उजव्याला वास नाही. साहेब खूश! डाव्यालाही नाही. साहेबांचा चेहरा पडला.

"युसुफभाई, डावा साधाच होता ना?" त्यांनी हळूच विचारलं.

"व्हय साहेब. पन एवढा मोठा मानूस वास घेनार, म्हनून बायकोनं काल दोनी मोजे धुतले. वर भावानं कुवेतहून आनलेलं अत्तर लावलं!"

डायरेक्टरांनी रुमाल बाजूला केला आणि पुन्हा एकदा दीर्घ श्वास घेतला.

पंधरा दिवसांनी मंजुरीचं पत्र आलं. अट एकच होती : 'सुगंध हाच ठेवावा.'