गच्चीचा ढाळ

बुधवारी दुपारी माझा भाऊ गेला. त्याला चार दिवस ताप होता. मंगळवारी त्याला भाईंदरला दवाखान्यात ठेवलं होतं. तो एकोणीस वर्षांचा होता, मी पंधरा. डिसेंबरात आम्हा दोघांना स्केटिंगच्या राष्ट्रीय स्पर्धेला जायचं होतं.

स्केटिंग म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर शर्यत येते. आमचं तसं नव्हतं. आमचा प्रकार डान्सचा. चार चाकांचे स्केट, ऑर्गनवर वाजवलेली वॉल्ट्झची एक ठरलेली धून आणि जमिनीवर एक ठरलेली आखणी. कुठलं पाऊल कुठे पडणार, कोणत्या ठोक्याला पडणार, भार चाकांच्या आतल्या कडेवर असणार की बाहेरच्या, सगळं आधी लिहिलेलं. देशभरातली मुलं तोच डान्स त्याच धुनेवर करत. त्यात आपलं असं काही घालायचं नसे, आणि म्हणूनच तो मला आवडायचा. मला पुस्तकं वाचायला आवडत, माणसांत बोलायची भीती वाटे. आणि हा डान्स म्हणजे पाठ करता येण्यासारखी गोष्ट होती. दादा मात्र वैतागायचा. "चष्मिश, हा डान्स नाही, पाढे आहेत," म्हणायचा. पण करायचा, कारण मला जोडीदार हवा होता आणि दुसरं कुणी माझ्याबरोबर उभं राहिलं नसतं.

आमचं नाव जोडीच्या डान्समध्ये होतं. त्याशिवाय आमच्या स्केटिंगच्या सरांनी माझं एकटीचं नाव सोलो डान्समध्ये घालून ठेवलं होतं. "अनुभव म्हणून," ते म्हणाले होते. डान्स तोच, आखणी तीच, फक्त शेजारी कुणी नाही.

त्या वर्षांत मीरा रोडला रिंक कुठली असायला! बेव्हर्ली पार्कात आमची चार मजल्यांची इमारत नवीनच झाली होती. मागे मिठागरं, पुढे अर्धवट बांधलेल्या इमारती आणि त्यांची खडी. रविवारी बोरिवलीला एका शाळेच्या मैदानावर सरांचा वर्ग असे, पण तिथे शर्यतवाली मुलं इतकी की आमच्या डान्सची एक आख्खी फेरी कधी मोकळी मिळाली नाही. म्हणून आम्ही गच्चीवर सराव करत होतो. बाबांनी सेक्रेटरीकाकांना विचारून संध्याकाळची वेळ घेतली होती. टेपरेकॉर्डर सेलवर चालायचा. सेल उतरले की धून रडत रडत हळू व्हायची आणि दादा कमरेवर हात ठेवून म्हणायचा, "चला, आज म्हाताऱ्यांचा गट." ऊन चांगलं असलं की चौथ्या मजल्यावरच्या गुजराथी काकींचे पापड आमच्या आखणीच्या मधोमध वाळत पडलेले असत. एकदा दादाचं चाक एका पापडावरून गेलं. काकी जिन्यातूनच ओरडल्या, "अरे, ये छोकरा तो मेरा स्लॅब भी तोडेगा और पापड भी!" दादाने तो मोडलेला पापड उचलला, खाल्ला आणि म्हणाला, "काकी, नमक कम है." काकींना हसूच आवरेना.

गच्चीचा कोबा गुळगुळीत होता, पण त्याला ढाळ होता. पावसाचं पाणी एका कोपऱ्यातल्या पाइपाकडे वाहून जावं म्हणून गच्चीला ढाळ देतातच. उभं राहिलं तर कळत नसे, चाकांवर मात्र लगेच कळे. पाइपाच्या कोपऱ्यापासून पाण्याच्या टाकीपर्यंत चढ लागायचा. नेमकं तिथे एका पायावर लांब घसरत जायचं होतं आणि माझा वेग तिथे मरायचा. दादाचा हात माझ्या पाठीमागून गेलेला असे. टाकीकडे जाताना तो मला अलगद ओढून घ्यायचा. बाहेरून बघणाऱ्याला दिसणार नाही, इतपतच. आम्ही त्याबद्दल कधी बोललो नाही. मी ओढली जात होते हे मला तो गेल्यावर समजलं.

तेरावं झाल्यावर सर घरी आले. चहा समोर तसाच ठेवून म्हणाले, "जोडीचं नाव मी काढून घेतलंय. सोलोमध्ये तिचं नाव आहे. ठेवायचं की काढायचं, तुम्ही सांगा. घाई नाही." बाबा खिडकीबाहेर बघत राहिले. दादा गेल्यापासून त्यांनी त्याचं नाव काढलं नव्हतं. कुणी काढलं तर ते उठून दुसऱ्या खोलीत जात.

आत्या तेव्हा आमच्याकडेच होती. बाबांची थोरली बहीण, लालबागला राहायची. सर जिना उतरायच्या आत ती आईला म्हणाली, "वर्ष व्हायच्या आत घरातली पोर नाचणार? रत्नागिरीला भावकीत कळलं तर काय म्हणतील?"

"नाचायला कुठे चाललीय ती, वन्सं. परीक्षाच आहे ती पण."

"परीक्षा दहावीची दे म्हणावं. ती राहिलीय बाजूला."

"तीही देईल."

"आणि मध्येच पडली, रडली, थांबली, तर? चार लोकांत शोभा. कुणाला बोलतील लोक?"

"मला," आई म्हणाली. "मी ऐकून घेईन."

आईचं इतकं स्पष्ट बोलणं मी पूर्वी ऐकलं नव्हतं. मी स्वयंपाकघराच्या दाराशी उभी होते. जायचं की नाही, हे मला कुणी विचारलं नव्हतं. पण आता मी गेले आणि मध्येच थांबले, तर आईला जन्मभर ऐकावं लागणार, हे मला कळलं. नंबराचा विचार माझ्या मनात कधीच आला नाही. डान्स शेवटपर्यंत जायला हवा, एवढंच. आणि दादाशिवाय तो शेवटपर्यंत मी एकदाही केला नव्हता.

स्पर्धेसाठी आईने लाल फ्रॉक शिवला होता, त्यावर टिकल्या लावल्या होत्या. दुसरा शिवायला वेळ नव्हता आणि तिला तसा उत्साहही नव्हता. रोज दुपारी ती ब्लेडने टिकल्यांचे दोरे कापत बसे. टिकल्या निघाल्या तशी कापडाला बारीक भोकं दिसू लागली. "सुतकात एवढं चमकायला नको," ती म्हणाली. सुतक कधीच फिटलं होतं.

मी पुन्हा गच्चीवर जायला लागले. आता कुणी तक्रार करत नव्हतं. सेक्रेटरीकाका जिन्यात भेटले की बाजूला होऊन वाट देत. काकींनी आपलं वाळवण न सांगता पलीकडच्या गच्चीवर नेलं. कुणी ओरडलं असतं तर बरं झालं असतं. टाकीपाशी माझा वेग मरायचा, पाय खाली टेकायचा, डान्स तुटायचा. पुन्हा पाइपापासून सुरुवात, पुन्हा टाकीपाशी तुटायचा. शेवटी मी त्या जागेच्या आधी एक जोराचा रेटा द्यायला शिकले, मागच्या पायाने, पोटरी दुखेपर्यंत. आणि परतीच्या उतारावर चाकं पळू नयेत म्हणून गुडघा वाकवून स्वतःला धरून ठेवायला शिकले. नोव्हेंबर संपता संपता डान्स धुनेवर बसला. मी खाली येऊन आईला सांगितलं. तिने मान हलवली आणि भाजी चिरत राहिली.

स्पर्धा दक्षिणेतल्या एका शहरात होती. सरांबरोबर आम्ही पाच-सहा मुलं गेलो. बाबांनी रजा घेतली आणि आपली पिशवी भरली. आई घरी थांबली. तिला एकटं नको म्हणून आत्या येऊन राहिली. त्या दोघी घरात समोरासमोर बसल्या असतील, हे चित्र प्रवासभर माझ्या डोळ्यांसमोर होतं.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी रिंकवर सरावाला वेळ मिळाली. रिंक मोठी होती, फरशी गुळगुळीत. मी पहिल्या पावलापासून चुकू लागले. ज्या बाजूला मी रेटा द्यायचे तिथे मी धुनेच्या पुढे पळायचे. ज्या बाजूला स्वतःला धरायचे तिथे मागे पडायचे. पावलं सगळी बरोबर होती, पण एकही ठोक्यावर पडत नव्हतं.

सर कठड्याबाहेरून ओरडले, "अगं, पळतेयस कुठे? ठोका ऐक!"

"ऐकतेय, सर."

"तू ऐकतेयस, मग चाकांना ऐकू येत नाही का?"

दुसऱ्या राज्यातल्या मुली कठड्याला टेकून बघत होत्या. मला वाटलं, दुःखाने माझं डोकं बिघडलं आहे. आत्या म्हणत होती तसंच होणार, मी उद्या मध्येच थांबणार. बाहेर येऊन बाकावर बसले, तर पाण्याच्या बाटलीचं झाकण हातातून निसटलं आणि थोडं पाणी फरशीवर सांडलं. पुसायला रुमाल शोधेपर्यंत ते तिथेच होतं. सांडलं तिथेच, गोल. कुठेही जात नव्हतं.

आमच्या गच्चीवर ते केव्हाच पाइपाच्या कोपऱ्याला लागलं असतं.

मी सरांकडे गेले. "सर, आमच्या गच्चीला ढाळ आहे."

सरांनी गच्ची कधी पाहिली नव्हती. त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं, मग कपाळाला हात लावला. "अरे देवा. म्हणजे तू चढ चढतेयस. इथे चढ नाहीये, बाळ. तिथे जोर देऊच नकोस. सोडून दे."

"पायाला सवय झालीय."

"एका दिवसात सवय जाणार नाही, ते मलाही कळतंय," सर म्हणाले. मग ते दुसऱ्या मुलांकडे गेले.

सगळ्या संघांची झोपायची सोय एका शाळेच्या वर्गांत होती. संध्याकाळी मी व्हरांड्यात बूट न घालता आखणी चालून पाहिली. चालताना सगळं येत होतं. चालताना रेटा लागतच नाही. बाबा पायरीवर वर्तमानपत्र घेऊन बसले होते, पान उलटत नव्हते.

दुसऱ्या दिवशी माझा नंबर यायला दुपार झाली. पाठीवर आकड्याचं कापड टाचलं होतं, चष्मा इलॅस्टिकने डोक्याला बांधला होता. माझ्या आधीच्या मुलीच्या फ्रॉकवर इतक्या टिकल्या होत्या की डोळे दिपत होते. सर हळूच म्हणाले, "पड, पण थांबू नकोस." मग माझा आकडा पुकारला.

पहिल्या फेरीत तेच झालं. पायाने मला न विचारता रेटा दिला आणि मी धुनेच्या पुढे गेले. पुढचं पाऊल लवकर पडलं, त्याच्या पुढचं आणखी लवकर. परीक्षक खाली मान घालून लिहू लागले. हे सगळं मला दिसत होतं, हेच वाईट होतं. पुढच्या वळणावर थांबून ठोका येऊ द्यायचा मोह झाला. एक पाय टेकला की झालं असतं. घरी आई आणि आत्या बसल्या होत्या. मी टेकला नाही. चुकीच्या ठोक्यावर, पण पाऊल टाकत राहिले.

दुसऱ्या फेरीत ती जागा पुन्हा आली. आता तिथे काहीच करायचं नव्हतं. रेटा नाही, धरणं नाही. एका पायावर नुसतं उभं राहायचं आणि चाकं नेतील तिथे जायचं. दादाचा हात जाणवला वगैरे काही झालं नाही. पाठीमागे कुणी नव्हतं, आणि ते कधी नव्हे इतकं स्पष्ट कळलं. मी काही केलं नाही. पोटरी रेटा द्यायला बघत होती, तिला मी काही करू दिलं नाही. मागे पडलेला ठोका येऊन माझ्याबरोबर झाला आणि पुढचं पाऊल त्याच्यावर पडलं. उरलेल्या डान्समध्ये आणखी दोनदा चुकले असेन. मग धून संपली आणि मी रिंकच्या मध्ये हात पसरून उभी होते, शिकवलं होतं तशी.

माझा नंबर शेवटून दुसरा आला. सर म्हणाले, "फ्रॉक तरी जरा बरा घालायचा," आणि मग वाकून माझ्या बुटाची नाडी सोडायला लागले.

बाबा कठड्यापाशी आले. "पहिल्या फेरीत तू घाईत होतीस."

"गच्चीवर तिथे चढ आहे, बाबा. त्याची सवय झालेली."

त्यांनी कठड्यावर हात ठेवले. "तो ओढायचा ना तुला तिथे," ते म्हणाले. "मी वर यायचो तेव्हा जिन्याच्या दारातून बघायचो. टाकीपाशी." दादा गेल्यानंतर त्यांनी त्याच्याबद्दल काढलेले हे पहिले शब्द. मी हो म्हटलं. त्यांनी माझ्या हातातले स्केट घेतले आणि आम्ही घरी फोन करायला एसटीडीचं दुकान शोधत बाहेर पडलो.

आमच्या इमारतीत फोन तळमजल्यावरच्या शेजाऱ्यांकडे होता. आई येईपर्यंत दुकानातल्या मीटरवर पैशांचे आकडे पळत होते आणि बाबा त्यांच्याकडे बघत होते.

"झालं?" आईने विचारलं.

"झालं."

"पूर्ण?"

"पूर्ण. चुकलं खूप, पण पूर्ण."

तिच्या मागून आत्याचा आवाज आला, "पडली की काय?"

"छे हो, वन्सं," आई तिला म्हणाली. "पडायला काय झालंय तिला." मग ती पुन्हा फोनवर आली. "जेवलीस का?" तिने विचारलं. मी नाही म्हटलं, आणि तिने मला जेवायला पाठवलं.

आत्याने तो विषय पुन्हा कधी काढला नाही. पुढे आईला बाकीच्या अनेक गोष्टींवरून ऐकून घ्यावं लागलं, त्यावरून मात्र नाही. मी दहावी दिली, कॉलेज केलं, ग्रंथालयात नोकरी धरली. पुन्हा स्पर्धेत उतरले नाही. आत्या गेली, काही वर्षांनी बाबा गेले. आई गेल्या श्रावणात गेली.

आमच्या घरातल्या चौघांतली आता मी तेवढी आहे.