शेवटचा माणूस आणि इंदापूरचं एक्स्चेंज

विज्ञानकथा लिहिणाऱ्यांना माणूस संपवायची भारी हौस! नव्वदनंतरची पहिली काही वर्षं मी इंदापूरच्या टेलिफोन एक्स्चेंजात ऑपरेटर होते, तेव्हा दिवाळी अंकांतल्या असल्या कथा बोर्डापुढं बसून वाचायचे. यंत्रमानव उठतात, शहरं जाळतात, शेवटचा माणूस ढिगाऱ्यावर बसून रडतो. मला हसू यायचं. अहो, जाळपोळ कशाला करतील ती यंत्रं? त्यांना काय वेड लागलंय?

तेव्हा रिसीव्हर उचलला की आधी मी. नंबर सांगायची पद्धतच नव्हती. 'लेकीला लाव' म्हटलं की कुणाची लेक, कुठं दिलीय, हे मला पाठ पाहिजे. शेळगावचे एक तात्या होते, कारखान्यातून रिटायर झालेले, घरात एकटेच. रोज संध्याकाळी बारामतीच्या लेकीला फोन लावायला सांगायचे. लाइन मिळेपर्यंत माझ्याशी गप्पा. भाड्याच्या खोलीत मीही एकटीच. खरं सांगते, दिवसभरात माझी चौकशी करणारं तेवढं एकच माणूस होतं, आणि मी त्यांना कधी पाहिलंही नव्हतं.

मग ऑटोमॅटिक एक्स्चेंज आलं. बोर्ड काढला, मला तक्रारींच्या टेबलावर बसवलं. संध्याकाळ झाली की जीव कासावीस व्हायचा. तात्या मला विसरले असं मी धरून चालले होते. मेला रागही यायचा.

पंधरा-वीस दिवसांनी एक म्हातारे टेबलापुढं येऊन उभे राहिले. तोंड उघडलं आणि मी आवाज ओळखला.

"फोनवर बसतीस ती तूच न्हवं? माझं काय चुकलं गं?" तात्या म्हणाले. "रोज लेकीचा नंबर फिरवतो, तर तू आपली एकच धरून बसलीस, नंबर तपासा, नंबर तपासा! तुजी तब्येत इचारली, जेवाय घरी ये म्हनलं, तरी तेच. परवा तर रडलो बी तुज्याम्होरं."

बारामतीचा कोड आधी फिरवायचा, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. त्यामुळं रोज टेपवरची बाई बोलत होती, आणि तात्यांना ती मीच वाटत होते.

खरं सांगायला तोंड उघडलं. पण मग परवा ते कुणापुढं रडले, तेही सांगावं लागलं असतं.

"चुकलंच माझं, तात्या," मी म्हटलं, "कामाच्या गडबडीत होते."

आणि कोड चिठ्ठीवर मोठ्या अक्षरांत लिहून दिला. त्यानंतर त्यांचा फोन थेट लेकीला लागत असणार. मला काही त्यांचा आवाज पुन्हा ऐकू आला नाही.