मुकादमिणीनं दिलेला स्वेटर

रात्रभर झोपले नाय. आज चौकीत साक्ष द्यायची होती. आमच्या साईटच्या मुकादमानं माझ्या भावाला, सोमनाथला, पाईपानं मारलं, ते मी माझ्या डोळ्यानं पाहिलं.

आम्ही राहतो ते पत्र्याचं खोपटं मुकादमाचंच. काल त्याची बायको माझ्या पोरीला नवा स्वेटर देऊन गेली. म्हणली, "उद्या जपून बोल गं. थंडीत लेकरू घेऊन कुठं फिरशील?"

चौकीत आमच्यासंगं चर्चचे फादर आले. आम्ही त्यांच्या धर्माचे नाय, तरी आले. पोरीला त्यांनीच मांडीवर घेतलं. म्हणले, "जे पाहिलं तेच सांग, बाळा."

साहेबानं विचारलं. मी म्हणले, "मी काय पाहिलं नाय."

सोमनाथनं पोरीच्या अंगातला स्वेटर पाहिला अन् उठून गेला. फादर रागावले नाय. एवढंच म्हणले, "उद्या सकाळी मी परत इथं येतो."

स्वेटर आत्ताच परत देऊन आले. लय भ्या वाटतंय, पण उद्या खरं सांगणार हाय. सोमनाथ घोटीला मामाकडं गेलाय, माझा फोन उचलत नाय. ग्रुपमधल्या ताई-दादांनो, ज्याच्याकडं त्याचा नंबर असंल त्यानं त्याला फोन करा. म्हणावं, तुझी ताई उद्या सकाळी चौकीच्या दारात उभी असंल, तू ये.