हात न पोचणारी जागा

फौजेतून पेन्शनीत आलो, तेव्हा पाठीचं दुखणंही माझ्याबरोबर गावाला आलं. बायको होती तोवर ते तिच्या ताब्यात होतं. रोज तेल लावून चोळायची. ती गेली आणि मी गोळ्यांवर आलो. दुकानात मिळेल ती गोळी, चहाबरोबर, उपाशीपोटी. शेवटी पोटात रक्तस्राव झाला आणि सांगलीला दवाखान्यात पडावं लागलं. घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी बजावलं, "गोळ्या बंद. आता औषध कातडीतूनच आत जाऊ दे." आणि मलमाची ट्यूब दिली. दुखऱ्या जागेवर चोळायचं, एवढंच.

दुखरी जागा दोन खांद्यांच्या बरोबर मधोमध. माझा हात वरून मानेखाली थोडा येतो, खालून कमरेपर्यंत जातो. मधली वीतभर जागा सरकारजमा.

मुलगाही फौजेत, लांब सीमेवर. घरात मी आणि सून, दोघंच. सुनेनं सासऱ्याला हात लावायचा नाही, ही आमच्या घराची रीत. चहासुद्धा ती कट्ट्यावर ठेवते, हातात देत नाही. आणि ही रीत कडक पाळायला लावणारा मीच. आता तिच्यासमोर सदरा काढून पाठ करायची? नुसत्या विचारानं कानशिलं तापायची.

म्हणून पारावरच्या दोस्ताला गाठलं. त्यानं मोठ्या प्रेमानं मलम चोळलं. पण गड्यानं नुकतीच तंबाखू मळलेली, चुन्याचा हात नुसता धोतराला पुसलेला. पाठीची अशी आग झाली की मी पारावरनं उडीच मारली. "आरं, औषध लागू पडलं गड्या!" तो म्हणाला. पारावरची सगळी खदखदून हसली. मी सदरा खांद्यावर टाकून घरी आलो आणि पुन्हा कुणापुढं पाठ उघडी करायची नाही असं ठरवलं.

मग अक्कल चालवली. माझ्या खोलीच्या चौकटीला मलम फासलं आणि गोठ्यातली म्हैस खांबाला अंग घासते तसा पाठ घासू लागलो. बरं वाटत होतं. डोळे मिटले होते. उघडले तर समोर सून, हातात दुधाची चरवी. ती तशीच मागं फिरली. फौजेत अख्ख्या प्लाटूनसमोर उघड्यावर अंघोळ केलेला माणूस मी, पण त्या दिवशी जेवायला बाहेर आलो नाही. तिनं ताट दाराशी आणून ठेवल्याचा आवाज आला, त्याचीही लाज वाटली.

पुढच्या आठवड्यात ती एसटीनं सांगलीला जाऊन आली. डॉक्टरीणबाईंना काय सांगितलं, देव जाणे. कट्ट्यावर पाकीट ठेवून भिंतीकडं बघत म्हणाली, "मामंजी, ह्या पट्ट्या हायत. चोळाय लागत न्हाई. चिकटवून ठिवायची, औषध हळूहळू आत जातंय."

माझी लाज राखायला पोर एवढी यातायात करून आली होती. मी नुसतं "बरं" म्हणालो.

पण पट्टी काय आपणहून पाठीवर चढते? मी ती चिकट बाजू वर करून खाटेवर ठेवली आणि अंदाजानं वर आडवा झालो. उठलो तर निम्मी चादरीला, निम्मी काखेतल्या केसांत. उपटताना डोळ्यांतून पाणी आलं. दुसरीची तीच गत झाली. तिसरी हातात घेऊन मी उघड्या अंगानं नुसता बसून राहिलो.

दाराबाहेर बांगड्या वाजल्या. सून तिथंच उभी होती. आत येत नव्हती आणि जातही नव्हती. रीत माझी होती, मोडायची तर मीच मोडायला हवी होती. हे दोघांनाही कळत होतं. तरी माझं तोंड उघडेना. हुकूम देता यायचा मला, मागता कधी आलंच नव्हतं.

शेवटी भिंतीकडं तोंड केलं. "पोरी, एवढी चिकटव."

ती आत आली. कोरड्या फडक्यानं पाठ स्वच्छ पुसली, बोटानं चाचपून जागा हेरली आणि पट्टी लावली. नीट बसावी म्हणून वर तळहात दाबून धरला. मी एवढा थोराड गडी, पण अंग चोरून बसलो होतो. धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं होतं.

"लय दुखतंय का, मामंजी?"

"न्हाई" तोंडात तयार होतं. फौजेतल्या डॉक्टरानं विचारलं तरी "न्हाई", बायकोनं विचारलं तरी "न्हाई". तेल लावता लावता ती रोज विचारायची.

"लय दुखतंय गं," मी म्हणालो आणि मला रडू फुटलं. लाजेनं मान वर होईना. तिनं हात काढला नाही.