मोरीच्या अलीकडची भिंत

मालकीणबाईंनी माझ्या खोलीच्या उंबऱ्याबाहेर उभं राहून पदर नाकाला लावला. सोबत त्यांची जाऊ होती, वाशिमहून आलेली. मी भाकरी थापत होते.

"काय वास येऊन राहिला वो बाई! भिंत बघा, काळीठिक्कर. तुमी लोक राहता तिथं असंच होतं."

जाऊ म्हणाली, "खोली देतानाच आडनाव विचारायचं ना."

"विचारलं होतं की. एकटी बाई, म्हणलं राहू द्या. पुण्य लागतं."

दोघी हसल्या. तव्यावरची भाकरी करपली.

खोली दहा बाय दहाची. वर पत्रे, खिडकी नाही. आमचं खेडं, गोरेगाव, सोडून हिंगोलीत आले तेव्हा आडनाव सांगितलं की रिकामी खोली लगेच भरलेली निघायची. ही मिळाली. नवरा वारलेला, पोरगी लग्न होऊन परभणीला. दिवसभर कामावर, घरी आलं की भिंतीचे पोपडे गळायचे, तोच काय तो आवाज.

ओल गुडघ्याएवढी होती. तीन वर्षांत डोक्यावर गेली. नवरात्राआधी सगळे घर पोतारतात, तशी मीही चुन्यानं ती काळी बुरशी झाकायचे. मालकीणबाई बाहेरूनच म्हणायच्या, "आता कसं माणसाचं घर वाटतंय." दिवाळीपर्यंत बुरशी परत वर. मला दम लागायला लागला. दवाखान्यात डॉक्टरनं विचारलं, "घरात ओल आहे का?" मी म्हणाले, "नाही." लाज वाटली. वाटायचं, माझ्याच भाताची वाफ, माझेच ओले कपडे. माझीच चूक.

आणि माझं काम काय? मी आशा कार्यकर्ती. घरोघरी जाऊन साठवलेलं पाणी बघायचं, डासांच्या अळ्या शोधायच्या, फॉर्म भरायचा, दारावर खडूनं तारीख टाकायची. अख्ख्या गल्लीच्या मोऱ्या मी वाकून बघितल्या. एक सोडून. मालकीणबाईंची. तिकडे जायची वाट देवघरावरून. त्या ओसरीतूनच सांगायच्या, "आमच्याकडं काही न्हाई. लिहा निरंक." मी लिहायचे. तीन वर्षं.

जाऊ येऊन गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या गल्लीत सर्व्हे होता. मी फॉर्म आणि बॅटरी घेऊन ओसरीत उभी राहिले.

"लिहा निरंक."

"बघून लिहिते, काकू."

"मधी देवघर हाय. कळत न्हाई का?"

"कळतं. मोरी बघायची आहे."

चप्पल काढली आणि आत गेले. मागून ओरडणं चालू होतं, "अवो! अवो बाई! थांबा तिथंच!" थांबले नाही.

मोरीतला पाइप भिंतीत शिरतो तिथे चिंधी गुंडाळलेली. चिंधीला शेवाळ. बारीक धार सरळ भिंतीत मुरत होती. त्या भिंतीच्या पलीकडे माझी गादी. खाली घंगाळ ठेवलेलं, त्यात साचलेलं पाणी, पाण्यात अळ्या.

चिंधी कालची नव्हती. घंगाळही कुणीतरी मुद्दाम ठेवलेलं. म्हणजे माहीत होतं.

मी तिथेच उभी राहून लिहिलं. अळ्या: आहेत. शेऱ्यात लिहिलं: पाइप गळका, भाडेकरूच्या भिंतीत ओल, खोलीला खिडकी नाही, भाडेकरूला दम लागतो. भाडेकरू म्हणून माझं नाव घातलं.

"खोली सोडा मग," मालकीणबाई म्हणाल्या. आवाज उतरला होता.

"आधी पाइप बसवा, काकू."

बाहेर येऊन त्यांच्या दारावर खडूनं तारीख टाकली.

आता गल्लीत माझ्याशी कुणी बोलत नाही. समोरची बाई मला बघून दार लावते. लावू दे. नवरात्र आठ दिवसांवर आलंय. चुन्याची पिशवी दुकानात परत देऊन आले. भिंत पोतारणार नाही. दार उघडं ठेवणार, येणाऱ्याजाणाऱ्याला काळी भिंत दिसू दे.

दवाखान्यातही परत गेले. डॉक्टरनं विचारायच्या आधीच सांगितलं: ओल आहे. पलीकडून येते.