उडी मारली, असं लोक म्हणतात

आमच्याकडे वाघाच्या तोंडी गेलेल्या माणसाला कोणी दोष देत नाही. मोहफुलं वेचायला गेली, तेंदूपत्ता तोडायला गेला, सरपणाला गेली, आणि परत आली नाही. गाव गोळा होतं, वनखात्याच्या नावानं बोटं मोडतं, साहेब लोक आल्याशिवाय देह उचलू देत नाही. "पोटासाठी गेली बिचारी," एवढं म्हटलं की त्या मरणाला मान मिळतो. काल त्याच नाल्यात वाघ दिसला होता, मग आज ती तिकडे का गेली, असं कोणी विचारत नाही. विचारूही नये.

माझा धाकटा भाऊ परदेशात एका डोंगरावरून उडताना गेला. त्याच्यासाठी कोणी रस्त्यावर बसलं नाही, आणि बसावं असं माझं म्हणणंही नाही. वाऱ्याविरुद्ध कुठं मोर्चा निघतो? पण आमच्या दारात आलेल्या पहिल्या माणसानं चपला काढायच्या आधीच मला विचारलं, "काऊन मारली गा त्यानं उडी?" त्या माणसाशी मी आजही नीट बोलत नाही.

आमच्या बोलीत मोठ्या माणसानं उडी मारली म्हणजे विहिरीत, नाही तर तलावात. त्याला दुसरा अर्थच नाही. ऐकणारा च्‌ च्‌ करतो आणि पुढचा प्रश्न विचारतो, घरी भांडण होतं काय? परदेशी डोंगर, अंगात पंखांचा सूट, पाठीवर पॅराशूटची छत्री, हे सगळं गावानं ऐकलेलं होतं, पण डोक्यात शिरलेलं नव्हतं. 'उडी मारली' मात्र सगळ्यांना लगेच कळलं. माझ्या मायलाही तेवढंच कळलं. आपल्या पोरानं जीव दिला, हे तिनं पहिल्या दिवशी मनात धरलं आणि काही केल्या सोडेना.

मी मोहर्लीला जिप्सी चालवतो. लोकांना वाघ दाखवणं हे माझं काम, आणि वाघ दिसला नाही की त्यांची बोलणी खाणं हेही. भाऊ इथल्याच एका रिसॉर्टमध्ये ताटं उचलायचा. तिथून आखातातल्या एका हॉटेलात गेला आणि तिथून विमानातून उड्या मारायच्या केंद्रात लागला. काम काय, तर उडून आलेल्या लोकांच्या छत्र्या पुन्हा घडी घालून पिशवीत बसवायच्या. घडी चुकली तर माणूस गेला, असलं ते काम. मायनं गल्लीत सांगितलं, "माहा पोरगा छत्र्याच्या कारखान्यात हाय." पावसाळ्यात दोघीतिघींनी तिच्याकडे छत्री मागितलीसुद्धा.

दुसऱ्याच्या छत्र्या घडी करता करता तो स्वतः उडायला लागला. फोनवर सांगायचा तेव्हा त्याचा आवाज वेगळाच लागायचा, शाळेत पहिला नंबर आल्यासारखा. त्याचा पहिला नंबर कधी आला नव्हता, हा भाग वेगळा. मी म्हणालो, "पगार उडण्याचा भेटते का घडी घालण्याचा?" तो हसला. म्हणाला, "भाऊ, तू जंगलात जाते तवा पगारासाठीच जाते काय?" मी हो म्हणालो. ते खोटं नव्हतं. मला घरी झोपायला मिळालं तर मी आनंदानं झोपेन.

मग एकदा त्यानं मायला फोनवर सांगितलं, "माय, मी सूट घेतला."

आता आमच्याकडे माणूस सूट आयुष्यात एकदाच घालतो, लग्नात. तोही पोरीकडचे देतात. मायनं फोन ठेवला आणि भिंतीला टेकून हिशोब मांडला. सूट घेतला म्हणजे लग्न ठरलं. स्वतःच घेतला म्हणजे पोरीवाल्यांनी दिला नाही. पोरीवाल्यांनी दिला नाही म्हणजे पोरगी तिकडचीच, कोणाला न विचारता पाहिलेली. ती दुपारभर रडली. संध्याकाळी तोंड धुतलं आणि म्हणाली, "असू दे बाप्पा, कोनतीबी असो, पोरगी आहे ना." दुसऱ्या दिवशी काकूला घेऊन चिमूरला गेली आणि मानाच्या साड्या घेऊन आली. साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, कुठं करायचं यावर दोघींचं भांडणही झालं.

चार दिवसांनी त्याचा फोटो आला. हात पसरून उभा, काखेपासून कमरेपर्यंत कापड, दोन्ही पायांच्या मध्ये कापड, डोक्यावर हेल्मेट, आणि चेहऱ्यावर तोच पहिला नंबर आल्याचा आनंद. मायनं फोन डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ नेला.

"हे काय वं बाई," ती काकूला म्हणाली, "हा त उडती खार झाला."

उडती खार आमच्या भागातल्या जुन्या माणसांनी पाहिलेली आहे, अंधुक उजेडात एका झाडावरून दुसऱ्या झाडावर जाताना. तीही पाय पसरते आणि कातडी ताणते. त्यामुळे सूट कशासाठी हे मायला माझ्याआधी कळलं, आणि ती घाबरली. घाबरली म्हणून चिडली. फोन लावून त्याला म्हणाली, "खारीचे कपडे घेतले त घेतले, सून कुठी हाय माही? सून नाई आणत तोवर मले तोंड दाखवू नको." तो हसत सुटला. आम्हीही हसलो. साड्या कपाटात गेल्या.

ते वाक्य तिच्या घशात अडकून राहणार आहे, हे तेव्हा कोणाला माहीत होतं?

गावाला मात्र विषय मिळाला. पानठेल्यावर मला विचारायचे, "काय म्हणते तुह्या भावाचे पंख?" कोणी म्हणायचं, पैसा आला की माज येतो. मास्तर होते ते म्हणाले, देवानं पाय दिले आहेत ते चालायला. मी त्याची बाजू घेत नव्हतो. मलाही ते खूळच वाटायचं. विमानातून उडतो तोवर ठीक, वर भरपूर जागा असते, आणि एक छत्री नाही उघडली तर दुसरी असते. पण सुट्टी काढून तो डोंगरांवर जायला लागला, कड्याला घासून उडायला लागला, तेव्हा मी त्याला शिव्या दिल्या. तो म्हणाला, "भाऊ, आपण पडत नाई गा. पुढं जातो." मी म्हणालो, पुढं कुठी?

पोळ्याच्या सुमारास फोन आला. त्याच्याबरोबरचा कोणी हिंदीत बोलत होता. वारा फिरला, उंची कमी पडली, छत्रीला उघडायला वाव मिळाला नाही. इतकंच. मी त्याला दोनदा विचारलं, दोनदा त्यानं तेच सांगितलं, आणि मग तो माणूसच रडायला लागला. मी त्यालाच समजावत बसलो.

नागपूरच्या विमानतळावरून पेटी आणली. ती उघडू नका, असं सांगितलेलं होतं. बिनलग्नाचा गेला म्हणून मायला त्याला हळद लावायची होती, तिनं पेटीच्या लाकडाला लावली. मातीला सगळं गाव आलं, नाही म्हणणार नाही. आमचं गाव मातीला येतंच. पण माणसं घोळक्यानं उभी राहून कुजबुजत होती ते ऐकू येत होतं. किती उंचावरून? पगार किती होता? पोरीचं काही होतं काय? तो कसा होता, हे कोणी बोललं नाही. रिसॉर्टमध्ये उरलेल्या पोळ्या तो गल्लीतल्या कुत्र्यांना आणून घालायचा, हे निदान काकूला तरी आठवायला हवं होतं.

मग त्याच्या उडण्याचा व्हिडिओ सगळीकडे फिरला. खाली लोकांनी लिहिलेलं मी सगळं वाचलं, वाचू नये हे कळत असूनही. मरायचंच होतं तर इथं विहिरी नव्हत्या काय. आईबापाचा विचार नाही. श्रीमंतांचे चोचले. ताटं उचलणारा माझा भाऊ मेल्यावर श्रीमंत झाला. मायला वाचता येत नाही. तिनं विचारलं, "काय लिवून राह्यले?" मी म्हणालो, श्रद्धांजली लिहितात. ती म्हणाली, "एवढी लांब श्रद्धांजली?" आणि उठून आत गेली.

एकदा तर माझ्याच जिप्सीत मागच्या सीटवर तो व्हिडिओ चालू होता. शहरातले दोघं होते. एक दुसऱ्याला म्हणाला, "असल्या लोकांची मला अजिबात कीव येत नाही." हे म्हणताना तो स्वतः सीटवर उभा होता, अर्धा बाहेर झुकलेला, कारण शंभरेक पावलांवर बांबूत वाघीण बसली होती आणि त्याला तिचा फोटो हवा होता. मी म्हणालो, "साहेब, खाली बसा." तो बसेना. मी गाडी सुरू केली आणि वाघीण न दाखवता त्यांना बाहेर आणलं. तक्रार झाली माझी. होऊ दे.

पण लोकांवर चिडून माझं काम भागत नव्हतं, कारण घरात माय होती. संध्याकाळी चूल पेटवता पेटवता ती विचारायची, "त्याले कायचं दुःख होतं गा?" मी सांगायचो, दुःख नव्हतं माय, तो खेळ आहे. ती म्हणायची, "खेळात कोनी कड्यावरून उडी मारते?" मग ती त्याचे जुने फोन आठवायची, कधी काय म्हणाला, कधी गप्प होता. आणि फिरून फिरून सूटवर यायची. "मीच बोलली त्याले. तोंड दाखवू नको म्हटलं. त्यानं मनाले लावून घेतलं." मी शपथा घेतल्या, त्याच्या मित्राशी तिचं बोलणं करून दिलं. तो तिकडून "माँजी, बहुत खुश था" म्हणत राहिला. माय नुसतं हं हं करायची. खूश असलेला माणूस मरायला कशाला जाईल, हा तिचा प्रश्न जिथल्या तिथं राहायचा. मलाही कधीकधी भावाचा असा राग यायचा, की समोर असता तर थोबाडात मारली असती.

मोहाचा हंगाम आला. माय दरवर्षी पहिल्या दिवसापासून जाते, या वर्षी घरातून हलली नाही. काकू दोनदा बोलवायला आली आणि परत गेली. मला बरंच वाटलं, कारण नाल्याच्या बाजूला पिल्लांची वाघीण फिरत होती, आम्ही सगळे ड्रायव्हर एकमेकांना तेच सांगत होतो. आणि एक दिवस फटफटताना उठलो तर माय नाही, टोपली नाही. मी मोटरसायकल काढली आणि नाल्यापर्यंत नेली, पुढं पळत गेलो.

ती झाडाखाली एकटी होती. वाकून वेचत होती. झाडाखालचा पालापाचोळा जाळून साफ केलेला, त्यावर फुलं पडत होती. मला तिला बघून सुटल्यासारखं वाटलं आणि त्याच क्षणी भयंकर संताप आला.

"मरायले आली काय इथी?" मी ओरडलो.

तीही काही कमी नाही. कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "मरायले कोन येते रे इथी?"

"मंग काऊन आली? एकटी? घरी काय कमी हाय? कोनी मांगतली तुले मोहं?"

"कोनी नाई मांगतली." तिनं मुठीतली फुलं टोपलीत टाकली. "मले बरं वाटते इथी. थंडं असते. फुलं टपटप पडून राह्यते, कोनी काई बोलत नाई. लगन होऊन आली तवापासून येऊन राह्यली मी. तुहा बाप होता तवा त्याले सांगो, पोटासाठी जातो. सगळ्याच बाया सांगते."

"वाघाचं भेव नाई वाटत?"

"वाटते ना. काऊन नाई वाटन? भेव वाटते, आनं बरंबी वाटते." ती पुढचं फूल वेचायला वाकली आणि अर्ध्यातच उभी झाली. मग एकदम हळू आवाजात म्हणाली, "तोबी मरायले नव्हता गेला."

"नाई माय."

"त्याले बरं वाटे."

"हो."

तिनं टोपली खाली ठेवली. महिनोन्‌महिने मी जे तिच्या गळी उतरवायला धडपडत होतो ते तिला पटलं होतं, आणि आता ती शांत होईल असं मला वाटलं. ती माझ्याकडे बघत होती.

"म्हंजे त्याले घरी यायचं होतं," ती म्हणाली. "उडून झाल्यावर त्याले घरी यायचं होतं गा."

आणि ती खाली बसली आणि हंबरडा फोडला. पेटी आली तेव्हा ती अशी रडली नव्हती. आतापर्यंत तिच्या मनात तो स्वतःहून गेलेला होता, रुसून गेलेला. रुसलेल्याची माणूस वाट बघत नाही. आता तो तिच्याकडे यायला निघालेला होता आणि वाटेत मेला होता. ती जमिनीवर हात आपटत त्याला नावानं हाका मारत होती, आणि फुलं तिच्या पाठीवर पडत होती.

मला तिच्याजवळ बसायचं होतं, तिला धरायचं होतं. पण बसलेल्या माणसाला जनावर समजून वाघ त्याच्यावर येतो, आणि ती बसली होती. एकानं उभं राहणं भाग होतं. म्हणून मी काठी घेऊन तिच्याकडे पाठ करून उभा राहिलो, आणि तिचं रडणं संपेपर्यंत नाल्याकडच्या झाडीत बघत राहिलो.